पौषातले ऊन आणि गच्चीवरची खोली

ग्वाल्हेरला पौषात धुके दाटले की लष्कर भागातल्या आमच्या गच्चीवरून किल्ला दिसेनासा होतो, आणि त्याच गच्चीवरच्या माझ्या कामाच्या खोलीत, जी केवळ सौर विजेवर चालते, युनिटांचा हिशेब सुरू होतो.

थंडीने पॅनल मंदावते, हा समज चुकीचा आहे. सिलिकॉनचे पॅनल 25 अंश सेल्सियसच्या वर तापले की दर अंशामागे त्याची क्षमता साधारण 0.3 ते 0.4 टक्क्यांनी घटते. म्हणजे तेवढ्याच उन्हात मे महिन्यापेक्षा जानेवारीतले गार पॅनल अधिक वीज देते. उणीव असते ती उन्हाचीच. ग्वाल्हेर सुमारे 26 अंश उत्तर अक्षांशावर असल्याने 21 डिसेंबरच्या सुमारास सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून जेमतेम 40 अंश वर येतो, दिवस साडेदहा तासांचा असतो आणि त्यातली सकाळ अनेकदा धुके खाऊन टाकते.

सूर्य खाली राहिला की सावल्या लांबतात. आमचा दक्षिणेकडचा मीटरभर उंचीचा कठडा तेव्हा माध्यान्हीलाही सव्वा मीटरच्या जवळपास सावली टाकतो. जूनमध्ये तीच चार बोटांपलीकडे जात नाही. पॅनलमधले सेल एकसर जोडणीत, म्हणजे एकामागून एक जोडलेले असल्यामुळे खालची एकच ओळ सावलीत गेली, तरी पॅनलच्या बऱ्याच मोठ्या भागाची वीज बुडते. पॅनल उंचावर घेऊन जरा अधिक उभे केले, तेव्हा कुठे हा तोटा थांबला.

खर्चात सगळे लॅपटॉपला दोष देतात, पण 50 वॉटचा लॅपटॉप आठ तासांत 0.4 युनिटच घेतो. याउलट काही न चालवताही 20 वॉट खाणारा इन्व्हर्टर दिवसरात्र चालू ठेवला, तर जवळजवळ अर्धे युनिट जाते, म्हणून रात्री तो बंदच हवा. आणि हीटर? 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासांच्या लेड-ॲसिड बॅटरीत कागदोपत्री 1.8 युनिट असतात. तिचे आयुष्य जपायचे तर निम्मीच वापरावी, आणि 1000 वॉटचा हीटर तेवढी वीज तासाभरातच संपवतो. मी पायांवर गोधडी घेतो.

थंडीचा खरा फटका बसतो तो बॅटरीला. आतली रासायनिक क्रिया मंदावल्याने तिची क्षमता घटते, आणि ती पूर्ण भरण्यासाठी तापमानाच्या घटणाऱ्या दर अंशामागे प्रत्येक सेलला 3 ते 5 मिलिव्होल्ट अधिक दाब लागतो. बॅटरी भरण्याचे नियंत्रण करणारा चार्ज कंट्रोलर तापमान पाहून हे आपोआप करतो खरा, पण माझा तापमानाचा सेन्सर पहिला हिवाळाभर बॅटरीऐवजी उन्हाने तापणाऱ्या भिंतीवर लटकत होता.