मिलीमीटर वेव्ह हाय-गेन अँटेना अॅरे

३० ते ३०० गिगाहर्ट्झच्या लहरींची वेव्हलेंथ १० ते १ मिमी भरते म्हणून त्या मिलीमीटर वेव्ह. बरेच बारके अँटेना शेजारी शेजारी मांडून त्यातून एकच अरुंद, जोरदार बीम काढायचा, त्या मांडणीला हाय-गेन अॅरे म्हणतात. ५जीचे २६-२८ गिगाहर्ट्झ पण यातच धरतात (३० च्या खाली आहेत, पण चालवून घेतात सगळे), गाड्यांचे रडार ७७ वर. पट्टा तसा जुनाच, जगदीशचंद्र बोस यांनी १८९० च्या दशकात कोलकात्यात ५ मिमीच्या लहरींवर काम केलं होतं, त्यांच्याकडे हॉर्न अँटेनाही होता, त्याला ते नरसाळंच म्हणायचे.

गेन म्हणजे ताकद एका दिशेला किती पट गोळा होते ते, मोजतात डीबीत (३ डीबी म्हणजे दुप्पट, १० म्हणजे दहापट). तो लागतो कारण सिग्नल लवकर मरतो. २८ गिगाहर्ट्झला १०० मीटरवर मोकळ्या हवेतच १०१ डीबी जातात, ६० ला तर हवेतला ऑक्सिजन किलोमीटरमागे अजून १५ एक डीबी खातो.

एलिमेंट (अॅरेतला एकेक अँटेना) दुप्पट केले की गेन ३ डीबी वाढतो. एक पॅच (बोर्डावर छापलेला तांब्याचा चौकोनी अँटेना) ५ डीबीचा धरला तर १६×१६ म्हणजे २५६ पॅचचे २९ डीबी, आणि २८ गिगाहर्ट्झला अर्ध्या वेव्हलेंथचं अंतर ५.३५ मिमी, म्हणजे अख्खा बोर्ड साडेआठ सेंमी चौरस, तळहातावर मावतो. मग अजून वाढवत का नाही जायचं? तर फीडमुळे, म्हणजे पॅचपर्यंत सिग्नल नेणाऱ्या वाटांमुळे. मधल्या कनेक्टरपासून प्रत्येक पॅचपर्यंत मायक्रोस्ट्रिपच्या (बोर्डावर छापलेल्या तांब्याच्या पट्ट्यांच्या) फांद्या न्यायच्या, त्यात समजा सेंटीमीटरला अर्धा डीबी गेला आणि वाट बोर्डाच्या रुंदीएवढी धरली, तर १६×१६ ला सव्वाचार डीबी जाऊन हातात पावणेपंचवीस राहतात. ३२×३२ ला ३५ मधून साडेआठ गेले, उरले साडेसव्वीस. ६४×६४ ला ४१ मधून १७ गेले की उरले २४! चार हजार शहाण्णव पॅच छापून २५६ पेक्षा कमीच, नवीन माणूस हमखास इथे फसतो कारण सिम्युलेशनमध्ये फीड न घालता नुसता अॅरे चालवलेला असतो.

म्हणून मोठ्या अॅरेला वेव्हगाइडचे (लहर नेणाऱ्या धातूच्या पोकळ नळीचे) स्लॉट, म्हणजे त्यात कापलेल्या फटी, वापरतात, लॉस फार कमी पण मिलिंग महाग आणि दोन प्लेटांच्या सांध्यात फट राहिली की गळती. स्वीडनमध्ये चाल्मर्स विद्यापीठाच्या पेर-सिमोन शिल्डाल यांनी २००९ मध्ये गॅप वेव्हगाइड मांडला, त्यात खिळ्यांच्या रांगा असतात, प्लेटा एकमेकींना टेकवायची गरजच नाही. दुसरा रस्ता फेज्ड अॅरेचा, म्हणजे प्रत्येक पॅचची फेज (लहरीचं पुढेमागे असणं) बदलून बीम वळवायचा, चार-चार पॅचमागे एक चिप, अॅम्प्लिफायर पॅचला चिकटून, पण मग उष्णता काढता काढता नाकी नऊ येतात.

बीम ६० अंशांपर्यंत वळवायचा तर दोन पॅचमधलं अंतर ०.५४ वेव्हलेंथच्या आत हवं, नाहीतर ग्रेटिंग लोब, म्हणजे दुसरीकडेच तेवढाच मोठा बीम. सगळ्यांना सारखी पॉवर दिली तर साइडलोब (मुख्य बीमच्या बाजूचे छोटे बीम) मुख्य बीमच्या −१३ डीबीवर अडकतात, कडेच्यांना कमी दिली तर खाली येतात पण बीम पसरतो. एचिंगमध्ये (बोर्डावरचं नको ते तांबं रसायनाने काढताना) ०.१ मिमीची चूक २८ ला खपून जाते, ७७ ला हवेतली वेव्हलेंथ धरली तरी फेज ९ अंश चुकते.

मोजायलाही जागा लागते. फार-फील्डसाठी (बीम पूर्ण तयार झालेला असतो त्या अंतरासाठी) २८ गिगाहर्ट्झच्या १६×१६ ला पावणेतीन मीटर पुरतात, ३२×३२ ला तेच ११ मीटर होतात, एवढी मोठी चेंबर (लहरी परत न फिरवणारी मोजणीची खोली) कुठून आणणार, मग जवळूनच प्रोब फिरवून नियर-फील्ड मोजतात आणि बाकीचं गणिताने काढतात.