कोळंबी चालते, मग खेकडा का नाही?
पाऊस लागला की आमच्या कराडात हा प्रश्न ठरलेला. पाटणकडचा दोस्त रात्री बॅटरी घेऊन ओढ्याला जातो, बादलीभर काळे खेकडे आणतो आणि लगेच फोन, येतोस का रस्सा ओरपायला? मी नको म्हटलं की चिडतो, परवा तर सोड्याचं, म्हणजे सुक्या कोळंबीचं कालवण भातात कालवून हाणलंस की, ते चालतं आणि हे नाही होय?

शाळेच्या पुस्तकाप्रमाणं त्याचं बरोबरच आहे, दोघांना पाच जोड्या पाय, दोघांना कवच, कणा कुणालाच नाही. पण फिकहमध्ये, म्हणजे इस्लामी धर्मकायद्यात, पाय मोजत नाहीत. आम्ही घाटावरचे मुसलमान बहुतेक हनफी, म्हणजे फिकहच्या हनफी पंथाचे, आणि हनफींत पाण्यातल्या जिवांपैकी फक्त मासा हलाल. खेकड्याला मासा कोण म्हणतं, ना अरब ना आमची आजी, विषय तिथंच संपला. कोळंबीची गंमत अशी की जुन्या अरबी कोशकारांनी तिला माशातच धरलंय, मग जे मौलाना बोलीतला वापर बघतात ते खा म्हणतात, जे शरीराची ठेवण बघतात ते नको म्हणतात, आणि मधले म्हणतात एवढा मतभेद आहे तर टाळलेलं बरं. आमच्या एकाच घरात तिन्ही पार्ट्या आहेत, अब्बा शिवत नाहीत, अम्मी रांधते पण खात नाही, आणि मी दोनदा वाढून घेतो.

सोडे येतात भाभीच्या माहेरून, चिपळूणहून. कुंभार्ली घाट उतरला की मजहबच, म्हणजे फिकहचा पंथच बदलतो, कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई. कुराणातल्या सूरह माइदाच्या 96 व्या आयतीत समुद्राची शिकार हलाल म्हटलीय, हनफी त्यातून मासाच घेतात, शाफई बरंच मोकळं घेतात, त्यामुळं कोळंबीवरनं त्यांच्यात भांडणच नाही. उलट भाभीला आमचंच हसू येतं.

पण खेकड्याचं तिकडंही सरळ नाही बरं का! इमाम नववींच्या ‘मिन्हाज’ या शाफई फिकहच्या ग्रंथात बेडकाच्या जोडीला खेकडाही हराम लिहिलाय, कारण तो पाण्यातही राहतो आणि जमिनीवरही. चालतो म्हणणारे शाफई आलिम, म्हणजे धर्मपंडितही आहेत, पण ती चर्चा मुळात समुद्रातल्या जिवांची. दोस्ताचा खेकडा तर मध्यरात्री भाताच्या बांधावर फिरताना घावतो, त्याची वकिली करणार कोण?

हे सगळं त्याला फोनवर सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, बरं, मग येताना सोडे तरी घेऊन ये.