हरभऱ्यातल्या थांब्यावरची पाखरं

हरभरा फुलावर यायला लागला की वऱ्हाडातल्या वावरांत पक्षीथांबे दिसू लागतात. बांबूची एक उभी काडी आणि तिच्या टोकाला इंग्रजी टी अक्षरासारखी बांधलेली आडवी काडी, एवढंच. शिफारस हेक्टरी 20 थांब्यांची आहे, आणि ती घाटेअळीसाठी आहे: पाखरांनी थांब्यावर बसून अळ्या टिपाव्यात म्हणून. एक अळी मोठी होईस्तोवर 30 ते 40 घाटे पोखरून ठेवते. काही शेतकरी तर पेरतानाच हरभऱ्यात थोडी ज्वारी मिसळतात. ती उंच झाली की पाखरांची बसायची सोय आपोआप होते.

मला या काडीचं अप्रूप अळीपुरतं नाही. चोवीस तासांत तिच्यावर जी पाखरं येऊन बसतात, त्यांना हे वावर आपल्यासारखं दिसत नाही आणि आपल्यासारखं ऐकूही येत नाही.

सकाळी पहिला हजर होतो तो कोतवाल. काळाकुळकुळीत, दुभंगलेल्या शेपटीचा. बसल्या जागेवरून झेप घेतो, हवेतल्या हवेत किडा धरतो आणि परत त्याच काडीवर येतो. आपल्याला तो किडा दिसलेलाही नसतो. उडता किडा धरणाऱ्या पाखरांची नजर किती वेगवान असते, हे स्वीडनमधल्या संशोधकांनी 2016 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दाखवलं. त्यांनी युरोपातले माशीमार पक्षी लुकलुकणाऱ्या दिव्यासमोर बसवले आणि लुकलुकण्याचा वेग वाढवत नेला. दिवा सेकंदाला साधारण 60 वेळा लुकलुकला की माणसाला तो सलग जळतोय असं वाटू लागतं. माशीमाराला सेकंदाला 146 वेळांपर्यंतचं लुकलुकणं वेगळं कळत होतं. आपल्या घरातली जुनी ट्यूबलाइट सेकंदाला 100 वेळा उघडझाप करते. आपल्याला तिचा उजेड शांत वाटतो, पण अशा डोळ्याला ती फडफडताना दिसेल. जी माशी आपल्या नजरेसमोरून नुसती सटकते, तिची प्रत्येक गिरकी या पाखराला सुटी सुटी दिसते.

कोतवाल अंगाने लहान, पण घरट्याजवळ आलेल्या घारीलाही तो सोडत नाही. हळद्यासारखी भित्री पाखरं त्याच्याच झाडावर घरटं करतात ती त्याच धाकाच्या भरवशावर.

ऊन चढलं की नीलपंख येतो. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो नीळकंठ हाच. बसलेला असताना मळकट तपकिरी दिसतो आणि पंख उघडले की निळ्या रंगाचे पट्टेच्या पट्टे चमकतात. या पाखराच्या पंखात निळा रंग नावाचा पदार्थच नाही. धुऱ्यावर कधी त्याचं गळलेलं पीस सापडलं तर उचलून सूर्याच्या दिशेने धरून बघा. प्रकाश पिसावर पडत होता तोवर ते निळं होतं. आता तो आरपार येतोय तर निळाई उतरते आणि पीस भुरकट दिसतं. पिसाच्या आत केराटिनची, म्हणजे आपली नखं-केस ज्याचे बनतात त्या प्रथिनाची, अतिसूक्ष्म जाळी असते. तिच्या पोकळ्या अशा मापाच्या असतात की प्रकाशातला निळा भाग तेवढा परत फेकला जातो. पीस कुटून भुकटी केली तर जाळी मोडते आणि निळाही जातो. शिवाय रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी आपल्या डोळ्यात तीन प्रकारच्या, तर बहुतेक पक्ष्यांच्या डोळ्यात चार प्रकारच्या. त्यामुळे अतिनील प्रकाशही त्यांना दिसतो. एका नीलपंखाला दुसरा नीलपंख कसा दिसत असेल, ते आपल्या डोळ्यांना कधीच कळणार नाही.

दिवस मावळला की पिंगळा येतो, भुंगे-नाकतोडे टिपतो आणि किचाट करून निघून जातो. थंडीच्या रात्री कधी वरून राजहंसांचा आवाज जातो. तलावाकाठी दिवस काढून ते अंधारात रब्बीच्या पिकात चरायला निघतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे पट्टेरी राजहंस मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून आलेले असतात. उपग्रहाशी जोडलेली यंत्रं लावून मोजलं तेव्हा त्यांच्यातला एक 7,290 मीटर उंचीवर आढळला. तिथे हवेत प्राणवायू समुद्रसपाटीच्या निम्म्याहूनही कमी असतो. पक्ष्याच्या फुफ्फुसात हवा एकाच दिशेने वाहते, आपल्यासारखी ज्या वाटेने आत आली त्याच वाटेने परतत नाही. श्वास सोडतानाही ताजी हवा फुफ्फुसातून जातच असते. त्यात या हंसांचं हिमोग्लोबिन प्राणवायू अधिक घट्ट पकडणारं. एवढं असूनही ते उगाच उंच उडत नाहीत. डोंगराच्या चढ-उताराला धरून खाली-वर होत जातात, कारण खालची दाट हवा पंखांना कमी कष्ट देते.

आणि मग, गाव झोपल्यावर, थांब्यावर गव्हाणी घुबड उतरतं.

रॉजर पेन या अमेरिकी शास्त्रज्ञाने (देवमाशांची गाणी पुढे जगाला ऐकवली ती यानेच) या घुबडाला पूर्ण अंधार केलेल्या खोलीत ठेवलं आणि खाली पालापाचोळ्यात उंदीर सोडला. घुबडाने तो अचूक धरला. मग शंका आली, की वासावर किंवा उंदराच्या अंगाच्या उबेवर तर धरत नसेल? म्हणून पेनने उंदराएवढा कागदाचा बोळा दोरीने पाल्यातून ओढला. घुबडाने त्या बोळ्यावरही नेमकी झडप घातली. म्हणजे सगळं काम कानाचं.

त्याचे कान पिसांखाली दडलेले असतात आणि ते एका पातळीत नसतात. डावं छिद्र जरा वर, उजवं जरा खाली. आवाज डावीकडून आला की डाव्या कानाला तो किंचित आधी पोचतो. हा फरक सेकंदाच्या एक लक्षांश भागाएवढा असला तरी घुबडाला पुरतो, त्यावरून त्याला डावं-उजवं कळतं. आवाज वरून आला की खालून, हे दोन कानांत पडणाऱ्या आवाजाच्या कमी-जास्तपणावरून कळतं. चपटा गोल चेहरा डिश अँटेनासारखा आवाज गोळा करून कानाकडे वळवतो. एरिक नुडसेन आणि मासाकाझू कोनिशी यांनी 1978 साली दाखवलं की घुबडाच्या मेंदूत आवाजांचा चक्क नकाशा असतो. कुठून आवाज आला की मेंदूतल्या कोणत्या पेशी जाग्या होणार, ते ठरलेलं.

असं ऐकायचं तर स्वतःच्या पंखांचा आवाज होऊन चालत नाही. त्याच्या पंखाच्या पुढच्या कडेला कंगव्यासारखे दाते असतात, मागची कड झालरीची आणि वरचा पृष्ठभाग मखमली.

मला सगळ्यात थक्क केलं ते जर्मनीतल्या ओल्डेनबर्गच्या संशोधनाने. वय झालं की आपल्या कानातल्या ऐकणाऱ्या केसपेशी मरतात आणि परत येत नाहीत, म्हणून म्हाताऱ्या माणसांशी ओरडून बोलावं लागतं. पक्ष्यांमध्ये या पेशी नव्याने उगवतात. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात म्हाताऱ्या घुबडांना तरुणांइतकंच नीट ऐकू येत होतं. त्यांतलं एक तर 23 वर्षांचं होतं.

हे पाखरू काय खातं ते कळायला पडक्या वाड्यातल्या त्याच्या बसायच्या जागेखाली बघावं. अंगठ्याएवढे काळपट गोळे पडलेले असतात. ती विष्ठा नसते. न पचलेले केस आणि हाडं घुबड तोंडावाटे टाकतं. एक गोळा पाण्यात भिजवून काडीने सोडवला, तर उंदरांच्या राखाडी केसांत अख्ख्या कवट्या निघतात, पिवळ्या-नारिंगी दातांसकट.

आणि याच पाखराला आपण अपशकुनी म्हणतो, दगड मारतो. दिवाळीच्या सुमाराला तंत्रमंत्रासाठी त्यांना पकडतात, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा असूनही. वावरात ब्रोमॅडिओलोनसारखं विष टाकलं की उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्त फिरतो. तोच घुबडाला आयता सापडतो आणि ते विष त्याच्या अंगात उतरतं. ज्या वावरात घुबडाची ये-जा आहे तिथे तरी हे विष टाकू नये, असं मला फार वाटतं.

पांढऱ्या कापसासारख्या पिसांची, लांबट चेहऱ्याची त्याची पिल्लं कुणाच्या माडीवर सापडली की मोबाइलवर भलत्याच नावाने व्हिडिओ फिरतात. मादी अंडी दोन-तीन दिवसांच्या अंतराने घालते आणि पहिल्यापासूनच उबवते, त्यामुळे एकाच घरट्यात लहान-मोठी पिल्लं असतात. स्वित्झर्लंडमधल्या अभ्यासांत दिसलं की आईबाप यायच्या आधी ती एकमेकांना ओरडून आपापली भूक सांगतात. जे जास्त भुकेलं ते जास्त ओरडतं, आणि बाकीची त्या खेपेपुरती मागे सरतात. मोठं पिल्लू स्वतःच्या वाट्याचा उंदीर धाकट्याला देतानाही नोंदवलं गेलंय. दोन महिन्यांच्या आसपास ती उडून जातात. तोवर त्या खोलीत जाऊ नये, दिवा लावू नये आणि पोरांनाही लांबूनच बघू द्यावं.