निळा ठिपका दिसला, तर आधी भिंग काढा

सातारा, कराड, मिरज पट्ट्यातल्या खडीच्या खाणींत सुरुंग उडाला की काळ्या पाषाणातल्या पोकळ्या उघड्या पडतात आणि आत गारगोट्या लकाकतात. त्या बहुतेक स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अ‍ॅपोफिलाइट नाहीतर कॅल्साइट या खनिजांच्या असतात. त्यांच्यावर गडद निळा गोंडा बसलेला दिसला, तर मात्र छिन्नी बाजूला ठेवावी. तो कॅव्हान्साइट असू शकतो.

कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिका आणि पाणी यांचे हे दुर्मीळ खनिज १९६७ साली अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात मिळाले. त्याचे शास्त्रीय वर्णन १९७३ मध्ये छापून आले. संग्राहक ज्यासाठी धडपडतात ते नमुने मात्र पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतले. साताऱ्याचा बेसाल्टही (काळा पाषाण) त्याच दख्खनच्या लाव्ह्याचा, म्हणून तपासणी वाया जात नाही. तरीही 'हे कॅव्हान्साइट नसावे' असे धरूनच सुरुवात करावी.

दहापट भिंगातून आधी घडण पाहा. कॅव्हान्साइटच्या बारीक सुया किंवा पात्या एका केंद्रातून सगळीकडे फुटलेल्या असतात. गोंडा बहुधा काही मिलिमीटरचा, क्वचित सेंटिमीटरभर. रंग आकाशी ते मोरपिशी निळा. निळा लेप नुसता भिंतीला पसरला असेल आणि सुया दिसतच नसतील, तर सेलॅडोनाइटचा संशय घ्या. आपल्याकडच्या पोकळ्यांचे अस्तर पुष्कळदा त्याचेच असते: मातकट, निळसर हिरवे, नखानेही खरवडले जाणारे. कॅव्हान्साइटची कठिनता मोह्जच्या १ ते १० मोजपट्टीवर ३ ते ४, त्यामुळे नखाला तो दाद देत नाही. पोलादी सुईने ओरखडतो. ही परीक्षा गोंड्यावर करू नका, तो मोडतो. शेजारी गळालेला कण घ्या.

त्याच कणावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका. अझुराइट हे तांब्याचे निळे कार्बोनेट फसफसते, कॅव्हान्साइट फसफसत नाही. इथे हमखास चूक होते ती अशी, की कणाला कॅल्साइट चिकटलेले असते आणि बुडबुडे त्याचे असतात. भिंगातून बुडबुडे नेमके कुठून निघतात ते पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये. विशिष्ट गुरुत्वही, म्हणजे पाण्याच्या किती पट जड ते, फरक दाखवते (कॅव्हान्साइटचे सुमारे २.३, अझुराइटचे ३.८), पण खडकाला चिकटलेल्या इवल्या गोंड्याचे वजन खाणीवर कोण करणार?

खाणीत आखणीचा निळा रंगही सांडलेला असतो. अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवून पाहा. विकत घेतलेल्या नमुन्यात निळा गोंडा पांढऱ्या स्टिल्बाइटवर डिंकाने बसवलेला असू शकतो. बुडाशी चकाकणारी कड शोधा. अतिनील टॉर्चखाली बरेच डिंक उजळतात.

एवढ्यावरही पेंटागोनाइटचा प्रश्न उरतोच. रासायनिक घटक तेच, मांडणी वेगळी. त्याचे जुळे (एकमेकांत जुळून वाढलेले) स्फटिक टोकाकडून पाहिल्यास पाच पाकळ्यांसारखे दिसतात, पात्या लांबट, तलवारीसारख्या. असे जुळे स्पष्ट दिसले नाहीत, तर क्ष-किरण विवर्तन किंवा रामन वर्णपट या प्रयोगशाळेतल्या चाचण्यांशिवाय नाव लिहू नका.

नमुना आम्लात धुऊ नये, तापवूही नये: आम्ल कॅल्साइट खाते, उष्णतेने खनिजातले पाणी निघून जाते. साधे पाणी आणि मऊ ब्रश पुरे. पुठ्ठ्याच्या डबीत निळी बाजू मोकळी राहील असा कापूस लावा. गोंड्यावर दाबलेला कापूस काढताना सुया घेऊनच येतो. चिठ्ठीवर गाव, खाण, कितव्या थरातून आणि सोबतची खनिजे लिहा. खाणीत शिरण्यापूर्वी मालकाची परवानगी आणि सुरुंगाची वेळ, दोन्ही विचारून घ्या.