‘मी काहीच विसरत नाही’ म्हणणारा निवेदक

किल्ल्याच्या एका दालनात एक म्हातारा जुनी चित्रं साफ करत असतो. त्यातल्या एका चित्रात चिलखत घातलेला योद्धा उजाड माळावर उभा आहे. हातात शस्त्र नाही. सोबत एक काठी आणि तिला लावलेला विचित्र ताठ झेंडा. शिरस्त्राणाची झडप सगळी सोन्याची, डोळ्यांपुरती फटसुद्धा नाही, आणि तिच्या चकाकीत समोरच्या वाळवंटाचं प्रतिबिंब. ते पाहून एक तरुण हेलावतो; पण का, हे त्याला सांगता येत नाही. अपोलो ११ चे १९६९ मधले फोटो ज्याने पाहिलेत, त्याला मात्र हे चित्र कशाचं ते क्षणात कळतं. चंद्रावर वारा नाही, म्हणून नासाने झेंड्याच्या वरच्या कडेत आडवी दांडी घातली होती. अंतराळवीराच्या झडपेवर सोन्याचा पातळ मुलामा असतो, तो प्रखर ऊन परतवण्यासाठी.

‘चंद्र’ हा शब्द त्या वर्णनात नाही, तो पुढच्या संवादात येतो. तोवर आपणच तो घातलेला असतो.

हा प्रसंग जीन वुल्फ या अमेरिकन लेखकाच्या ‘द बुक ऑफ द न्यू सन’ या चार खंडांच्या मालिकेतला. पहिला खंड १९८० मध्ये आला. (वुल्फ पेशाने इंजिनिअर. प्रिंगल्सचे वेफर्स तळणाऱ्या यंत्राच्या घडणीत त्यांचा हात होता. वाचकासाठी इतके बारीक आटे कोणी बसवले, याचं नवल मग कमी वाटतं.) पृथ्वी अतिप्राचीन झालेली, सूर्य विझत चाललेला, आणि चित्रापुढचा तो तरुण, म्हणजे कथा सांगणारा सेवेरियन, हा छळ करणाऱ्यांच्या संघात वाढलेला उमेदवार. तलवारी, मनोरे, जादू असं सगळं आहे. पण मनोऱ्याच्या भिंती धातूच्या निघतात, आणि हळूहळू लक्षात येतं की हा मनोरा म्हणजे कधीकाळचं अंतराळयान आहे. सेवेरियन खोटं बोलत नाही, त्याला ठाऊकच नाही. पुढे मात्र तो काही गोष्टी गाळतो, काही फिरवून सांगतो. ‘अविश्वसनीय निवेदक’ ही संज्ञा वेन बूथ या समीक्षकाने १९६१ मध्ये रूढ केली. सेवेरियन तिचा बिलंदर नमुना आहे, कारण तो सुरुवातीलाच बजावतो की मी काहीही विसरत नाही.

न लिहिलेलं वाचकाला दिसतं कसं?

हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे आणि त्याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण गोदाकाठचं आहे. हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’त, महाराष्ट्री प्राकृतात, एक बाई एका धार्मिक माणसाला सांगते : खुशाल हिंड बाबा, तो कुत्रा आज मारला गेला, गोदेच्या काठच्या झाडीत राहणाऱ्या माजलेल्या सिंहाने मारला. शब्दशः हे आमंत्रण आहे. अर्थ नेमका उलटा : इकडे फिरकू नकोस. ती झाडी तिची प्रियकराला भेटण्याची जागा, आणि हा बुवा रोज तिथे तडमडतो. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धन या काव्यशास्त्रकाराने ध्वनीचं, म्हणजे शब्दांत नसून सुचवल्या जाणाऱ्या अर्थाचं, उदाहरण म्हणून हीच गाथा घेतली. अकराव्या शतकात महिमभट्ट वाद घालायला उभा राहिला : ध्वनी वगैरे वेगळी शक्ती मानायची गरजच काय, हे तर साधं अनुमान आहे. धूर दिसला की अग्नी ओळखतो तसं.

काव्यशास्त्राने महिमभट्टाला फारसा मान दिला नाही. आजच्या मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत मात्र त्याला खुर्ची मिळाली असती.

१९७२ मध्ये जॉन ब्रॅन्सफर्ड आणि सहकाऱ्यांनी लोकांना साधी वाक्यं ऐकवली. त्यातलं एक असं : तीन कासवं तरंगत्या ओंडक्यावर बसली होती आणि त्यांच्या खालून एक मासा गेला. नंतर विचारलं, ‘मासा ओंडक्याखालून गेला’ हे वाक्य ऐकलं होतं का? लोक ‘हो’ म्हणाले. ऐकलं नव्हतं, पण कासवं ओंडक्यावर असतील तर मासा ओंडक्याखालूनच जाणार. डोक्यात वाक्य साठलंच नव्हतं, साठलं होतं दृश्य. १९७४ मध्ये हॅव्हिलंड आणि क्लार्क यांनी हे घड्याळ लावून पाहिलं. ‘सहलीचं सामान तपासलं. बिअर कोमट होती.’ यातलं दुसरं वाक्य समजायला लोकांना सेकंदाचा छोटासा अंश जास्त लागला. पहिल्या वाक्यात बिअरचा उल्लेख असेल तर तो लागत नव्हता. सामानात बिअर होती, हा पूल वाचकाने मधल्यामध्ये बांधला होता.

म्हणजे गाळलेल्या जागा भरणं ही रसिकाची खास कमाई नव्हे. ते वाचण्याचं रोजचं काम आहे. मग सेवेरियन आपल्याला फसवतो कसा?

डॅनियल गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांचा १९९० चा प्रयोग इथे कामाला येतो. लोकांना अनोळखी शब्दांचे अर्थ शिकवले. हे शब्द हॉपी या अमेरिकेतल्या आदिवासींच्या भाषेतले आहेत, अशी बतावणी करून. प्रत्येक विधानानंतर पडद्यावर ‘खरं’ किंवा ‘खोटं’ असा शेरा येई. कधीकधी त्याच वेळी एक सूर वाजे आणि झटकन बटण दाबावं लागे. असा व्यत्यय आला की खोटी विधानं नंतर खरी म्हणून आठवत. खऱ्याचं खोटं मात्र तसं होत नव्हतं. गिल्बर्टने यातून काढलेला निष्कर्ष असा, की समजून घेताना आपण ते आधी मान्यच करतो. शंका हे नंतरचं, वेगळं काम. त्याला मेहनत लागते, आणि लक्ष दुसरीकडे असलं की ते राहून जातं. या निष्कर्षावर पुढे वाद झाले, तरी कादंबरी वाचणाऱ्याला तो अनुभवाने पटावा. लढाई चालू आहे, कोणीतरी मरतंय, पुढे काय होणार याची घाई आहे. तेव्हा निवेदकाच्या वाक्यावर खोटेपणाचा शेरा मारायला सवड कोणाला?

सवड मिळते दुसऱ्या वाचनात. इथून पुढे रहस्यं फोडणार आहे. फार वाईट वाटून घेऊ नका : लेविट आणि क्रिस्टेनफेल्ड यांनी २०११ मध्ये कथांचा शेवट आधीच सांगून पाहिला, तेव्हा लोकांना त्या उलट थोड्या जास्तच आवडल्या. (नंतरच्या काही प्रयोगांत उलटही निघालं.) वुल्फ तर पहिल्याच प्रकरणाच्या शेवटी सेवेरियनकडून सांगून टाकतात की इथून माझा सिंहासनापर्यंतचा प्रवास सुरू झाला.

पहिल्या खंडात सेवेरियन एका तळ्यात पडतो. त्या तळ्यात प्रेतं शिशाचं वजन देऊन बुडवलेली असतात. तो बाहेर येतो तेव्हा सोबत एक तरुणी असते, डॉर्कस. तिला मागचं काही आठवत नाही. त्याच तळ्यावर एक म्हातारा वर्षानुवर्षं नाव वल्हवत मेलेल्या बायकोला शोधतोय. तिचं नाव ‘कास’. थोड्या वेळाने खानावळीत एक चिठ्ठी मिळते : तुझ्यासोबतची बाई इथे आधी आली आहे, तिच्यावर विश्वास ठेवू नकोस, तो पुरुष छळ करणाऱ्यांपैकी आहे, तू माझी आई आहेस, परत आलेली. टेबलाशी तिघं आहेत. दोघांचा उल्लेख तिसऱ्या व्यक्तीसारखा झाला, म्हणजे चिठ्ठी उरलेल्या डॉर्कसला आहे. लिहिणारा वाढपी तिच्याहून किती तरी मोठा. पहिल्या वाचनात हा वेडाचार वाटतो आणि आपण पुढे जातो. चौथ्या खंडात सेवेरियन त्या वाढप्याला पुन्हा गाठतो आणि त्याची हरवलेली बाई कैदेत गेल्याचं कळतं. छळसंघात उमेदवार कुठून येतात, हे पहिल्या खंडात सांगून झालेलं असतं : कैदी बायकांची मुलं. आता जोडा. वाढपी सेवेरियनचा बाप. आणि ज्या डॉर्कसवर त्याने जीव लावला, ती त्याची आजी.

मला यापेक्षाही मोठी चलाखी वाटते ती स्मरणशक्तीच्या फुशारकीत. आपल्याला वाटतं, ज्याला सगळं आठवतं त्याच्यावर भरवसा ठेवावा. खऱ्या जगातही अशी माणसं आहेत. २००६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतल्या संशोधकांनी अशी पहिली नोंद केली; कोणतीही तारीख सांगा, त्या दिवशी काय झालं ते ती स्त्री सांगत असे. २०१३ मध्ये लॉरेन्स पॅटिहिस आणि सहकाऱ्यांनी अशा २० जणांची तुलना ३८ सामान्य लोकांशी केली. अंथरूण, उशी, स्वप्न अशा धाटणीच्या शब्दांची यादी दाखवायची आणि यादीत नसलेला ‘झोप’ हा शब्द होता का, असं विचारायचं. प्रसंगाचे फोटो दाखवून नंतर त्याचं चुकीचं वर्णन वाचायला द्यायचं. अफाट स्मरणशक्तीचे लोक खोट्या आठवणींना इतरांइतकेच बळी पडले. भरपूर आठवणं आणि बरोबर आठवणं या दोन निराळ्या गोष्टी निघाल्या. वुल्फ यांनी हे तीस वर्षं आधी कथेत पेरलं होतं, वर आणखी एक गाठ मारून : दुसऱ्या खंडात सेवेरियन थेक्ला या संघाच्या कैदेत मेलेल्या स्त्रीच्या देहाचा घास खातो आणि तिच्या आठवणी त्याच्यात उतरतात. तो लिहितोय ते सगळं घडून गेल्यावर. म्हणजे पहिल्या पानापासूनचा ‘मी’ एकटा नाही.

हेच अनुमानाचं यंत्र मुळात नसलेले अर्थही तितक्याच उत्साहाने तयार करतं. पीटर वेसन यांनी १९६० मध्ये लोकांना २-४-६ ही मालिका देऊन तिच्यामागचा नियम ओळखायला सांगितला. बहुतेकांनी आपल्या मनातल्या नियमात बसणारेच आकडे तपासले : ८-१०-१२, २०-२२-२४. खरा नियम फक्त ‘चढता क्रम’ एवढाच होता. १-२-३ विचारून पाहिलं असतं तर कळलं असतं. लपलेले अर्थ शोधणाऱ्या वाचकाचंही असंच होतं. डॉर्कसचा तर्क टिकतो, कारण नावाडी, चिठ्ठी आणि छळसंघाची प्रथा हे एकमेकांशी संबंध नसलेले तीन धागे एकाच जागी येतात, आणि एखादा धागा उलटा निघाला असता तर तो तर्क तिथेच पडला असता. सेवेरियनला जुळी बहीण होती आणि ती कोण, यावर वाचक अजून भांडतात. एकेका पात्राच्या बाजूने एखाददुसरा पुरावा निघतो, पण कोणता पुरावा सापडला तर आपण माघार घेऊ, हे भांडणाऱ्यांपैकी फार थोडे सांगतात.