पगडी आणि ढोल

तुरीच्या जागलीला शेकोटी पेटली की आजी राजाची गोष्ट काढायची. राजाचे कान गाढवाचे. तो ते पगडीखाली झाकून ठेवी. हजामत करणाऱ्या न्हाव्याला तेवढं माहीत, आणि त्याला तंबी दिलेली, 'बोललास तर मुंडकं उडवीन'. गुपितानं न्हाव्याचं पोट फुगलं. शेवटी तो रानात गेला आणि एका झाडाच्या ढोलीत तोंड घालून मोकळा झाला. पुढं त्या झाडाच्या लाकडाचा कोणी ढोल केला. तो राजवाड्यापुढं वाजायला लागला तर एकच बोल निघे, राजाचे कान गाढवाचे! आमच्या आजीचा राजा इथं हसतो आणि पगडी काढतो. चुलत आजीचा राजा ढोल फोडतो.

तालुक्याचा वार्ताहर झाल्यावर या गोष्टीतल्या दोन जागा मला नीट कळल्या. एका गावच्या नळयोजनेची मोजमाप पुस्तिका, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहिलेली वही, बघायला मागितली, तर साहेब म्हणाले, "ते गोपनीय आहे." पाइप वीतभर खोलीवर पुरल्याची बातमी लिहायला घेतली, तर फोन आला, "छापू नको." पानठेल्यावर हे सांगितलं तेव्हा एक मित्र म्हणाला, "दोन्ही एकच ना बे! लोकाईले कळू द्याचं नाई, बस."

एकच नाही. पहिली पगडी आहे. माहिती सरकारजवळ आहे आणि ते ती बाहेर काढत नाही. दुसरी गोष्ट ढोलाची. माहिती बाहेर आलेली आहे, माझ्या हातात आहे, फक्त तिचा आवाज होऊ द्यायचा नाही. एकीला गुप्तता म्हणायचं, दुसरीला मुस्कटदाबी. दोन्हींवरचा इलाज वेगळा आहे, म्हणून हा फरक धरून ठेवायचा.

पगडीचा इलाज दहा रुपयांचा आहे. माहिती अधिकार कायदा २००५ चा. साध्या कागदावर अर्ज, त्याला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि तीस दिवसांत उत्तर. नाही मिळालं तर त्याच खात्यात पहिलं अपील. तिथंही भागलं नाही तर राज्य माहिती आयोग. विदर्भासाठी त्याची खंडपीठं अमरावतीला आणि नागपूरला आहेत. विनाकारण अडवणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड होऊ शकतो. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. या कायद्यात कागद मागण्याबरोबरच कामाची पाहणी करणं आणि वापरलेल्या मालाचा नमुना घेणंही येतं. पाइपचा तुकडासुद्धा रीतसर मागता येतो.

आता, प्रत्येक पगडीखाली गाढवाचेच कान असतात असं नाही. दहावीचा पेपर परीक्षेआधी, निविदेचं पाकीट उघडण्याआधी गुप्तच हवं. गडचिरोलीकडं पोलिसांना खबर देणाऱ्याचं नाव बाहेर आलं तर त्याचा जीव जातो. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ मध्ये अशा नावाला संरक्षण आहे आणि ते असलंच पाहिजे. पण त्याच कलमात असंही आहे, की जनहित मोठं असेल तर राखलेली माहितीसुद्धा देता येते. मोजमाप पुस्तिका यातल्या कुठल्याच खान्यात बसत नाही. साहेबांनी 'गोपनीय' हा शब्द नुसता सवयीनं वापरला होता.

ढोलाचं प्रकरण निराळं. तिथं अर्ज कामाचा नाही, तिथं राज्यघटनेचं कलम १९(१)(अ) लागतं. वृत्तपत्र हा शब्द त्यात कुठंच नाही, पण भाषण आणि अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यातच छापण्याचं स्वातंत्र्य येतं, हे सर्वोच्च न्यायालयानं १९५० पासून धरलेलं आहे. ढोल फोडणं म्हणजे काय हे बघायचं तर आणीबाणी आठवावी. २५ जून १९७५ च्या रात्री दिल्लीत वर्तमानपत्रांच्या छापखान्यांची वीजच तोडली गेली, आणि मग आधी दाखवा, मग छापा असा हुकूम आला.

ढोलानं कधी कधी सोंगही घेतलं आहे. खाडिलकरांचं 'कीचकवध' हे महाभारतातलंच नाटक, पण कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन हे प्रेक्षकांना वेगळं सांगावं लागलं नाही. इंग्रजांनाही ते कळलं; १९१० मध्ये बंदी आली. गंमत अशी, की महाराष्ट्रात आजही नाटकाची संहिता प्रयोगाआधी परिनिरीक्षण मंडळाकडं जाते. वर्तमानपत्राला तसा नियम नाही.

माझ्या भाचीनं यात हॅरी पॉटर आणला. त्यातलं जादूगारांचं मोठं वर्तमानपत्र मंत्रालयाला हवं तेच छापतं. तिथं पगडी नाही आणि फुटलेला ढोलही नाही. ढोलच राजाच्या तालावर वाजतो. त्यावर मी फार बोललो नाही. साहेबांच्या वाढदिवसाच्या जाहिराती मीही गोळा करतो.

पगडी आणि ढोल यांच्या मधोमध उभा असतो न्हावी, आणि दोन्ही गोष्टींची सरमिसळ त्याच्यापाशीच होते. तो आतला माणूस, नोकरीचे नियम त्याला बांधतात. ढोलानं कुठलीच शपथ घेतलेली नसते. तरी इंग्रजांनी केलेला १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम दोघांनाही एकाच दोरीनं बांधतो. त्याच्या कलम ५ प्रमाणं गुपित सांगणारा दोषी, आणि जाणूनबुजून घेणाराही दोषी. तीन वर्षांपर्यंत कैद. राफेल विमानांच्या खरेदीच्या प्रकरणात 'द हिंदू' या वर्तमानपत्रानं छापलेले कागद चोरीचे आहेत, ते बघूच नका, असं सरकारचं म्हणणं होतं. १० एप्रिल २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं ते फेटाळलं. गुप्त असा शिक्का असलेला कागद छापायला मनाई करण्याचा अधिकार या कायद्यानं सरकारला दिलेला नाही, असंही सांगितलं. म्हणजे ढोलाला थोडी मोकळीक मिळाली. न्हाव्याला नाही. गैरप्रकार उघड करणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा २०१४ मध्ये संसदेत मंजूर झाला, राष्ट्रपतींची सहीही झाली, पण तो अजून लागू केलेला नाही.

मोजमाप पुस्तिका मला एकोणतिसाव्या दिवशी मिळाली. कागदावर पाइप तीन फूट खोल होते. बातमी छापून आली.

पानठेल्यावरच्या मित्रानं विचारलं, "एवढ्या मोठ्या पुस्तिकेत तुले बरोबर तेच पान कसं सापडलं बे?" आम्ही चहा घेतला. ज्यानं मला पान सांगितलं तो अजून त्याच कार्यालयात नोकरीला आहे, म्हणून ते गाव आणि ते कार्यालय मी इथंही लिहिलेलं नाही.