पेन्सिलीचा ९ आणि हिऱ्याशेजारचा ९

मोबाइलच्या दुकानात काउंटरपाशी पाच मिनिटं उभं राहिलं तरी हे वाक्य कानावर पडतंच: ‘ताई, ९एच आहे. हिरा दहावर, ही काच नऊवर. स्क्रॅच पडायचा प्रश्नच नाही.’ टफन ग्लासच्या खोक्यावर ९एच छापलेलं असतं, ते खरं. हिरा १० वर असतो, तेही खरं. पण हे दोन आकडे दोन वेगळ्या पट्ट्यांवरचे आहेत. एक सेंटिमीटरची पट्टी आणि एक इंचाची पट्टी शेजारी ठेवून ‘दोन्हीवर नऊच आहे की’ म्हणावं, तसा हा प्रकार आहे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आत्या तारकर्लीहून परतली ती चिडूनच. जाण्याआधी आठवडाभर नवीन टफन लावून घेतलेलं, आणि चार दिवसांत त्यावर डझनभर चरे. ‘अगं, नऊ नंबरची काच म्हणाला होता तो. फसवलंच की मला!’ आत्या दुकानदाराशी भांडायला निघाली होती. त्याने नकली माल दिला नव्हता. तो जे सांगत होता ते त्याला स्वतःलाच तसं वाटत होतं, आणि हेच मला जास्त खुपतं. विकणारा, घेणारा, व्हिडिओ करणारा, सगळे एकच चुकीचं वाक्य एकमेकांकडे सरकवत राहतात.

टफन ग्लास म्हणजे काय हे सांगत बसत नाही. कोणी टेम्पर म्हणतं, कोणी स्क्रीनगार्ड. साधारण पाव ते अर्धा मिलिमीटर जाडीची, मागे गोंदाचा थर असलेली काच. ती प्रत्येकाने एकदा तरी लावली आहे आणि बुडबुडा बोटाने कडेला ढकलला आहे. मुद्दा त्या ९ चा आहे.

ज्यांनी शाळेत एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षा दिल्या असतील त्यांना एचबी, २बी, ४बी तोंडपाठ असतील. इंजिनीअरिंग ड्रॉइंगवाल्यांनी २एच, ४एच वापरल्या असतील. ९एचमधला एच तोच, पेन्सिलीचा. पेन्सिलीचं शिसं म्हणजे ग्रॅफाइट आणि चिकणमाती यांचं भाजलेलं मिश्रण. माती जास्त तितकं शिसं कडक आणि रेघ फिकट. नेहमीच्या पट्टीत ९बी सगळ्यांत मऊ, ९एच सगळ्यांत कडक.

या पेन्सिलींनी तपासतात तो रंग आणि व्हार्निश. आयएसओ १५१८४ हे मानक मुळात रंगाच्या थरांसाठी आहे: रंगवलेल्या पत्र्यावरचा थर किती टणक झाला हे बघायचं. शिशाचं टोक पॉलिश पेपरवर घासून सपाट करतात, पेन्सिल ४५ अंशांत धरतात, टोकावर ७५० ग्रॅमचा भार येईल अशा छोट्या गाडीत बसवतात आणि पुढे ढकलतात. जी सगळ्यांत कडक पेन्सिल थरावर चरा पाडू शकत नाही, तो त्या थराचा दर्जा. पट्टी ९एचपाशी संपते.

आता विचार करा. रंगासाठीची ही चाचणी काचेवर केली तर काय होणार? मातीमिश्रित ग्रॅफाइटने काचेवर चरा पडतच नाही. म्हणजे खोक्यावर ९एच छापलेली काच ती परीक्षा अगदी प्रामाणिकपणे पास होते. पण तुमच्या खिडकीची काचही पास होते. आरसाही होतो, काचेची बांगडीही होते. ज्या परीक्षेत सगळ्या काचांना पैकीच्या पैकी गुण मिळतात, तिच्या गुणपत्रिकेवरून चांगली काच निवडता येत नाही. आणि ज्या खोक्यांवर हल्ली १०एच दिसतं, ते तर त्या मानकाच्या पट्टीबाहेरचंच आहे.

दुसरा ९ हा फ्रीडरिश मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाचा. त्याने १८१२ मध्ये दहा खनिजं मऊ ते कठीण अशी ओळीने लावली. नियम एकच, जो दुसऱ्यावर ओरखडा काढतो तो वरचा. पहिलं शंखजिरं, ज्याची टाल्कम पावडर होते. दुसरं जिप्सम, मग कॅल्साइट, फ्लोराइट, अ‍ॅपेटाइट. सहावं फेल्डस्पार. सातवी आपली गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ. आठवा पुष्कराज (टोपाझ), नववा कुरुंद आणि दहावा हिरा. माणिक आणि नीलम दोन्ही कुरुंदच, फक्त रंग वेगळा. ही क्रमवारी आहे, मोजपट्टी नाही, त्यामुळे पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. आठ ते नऊ ही पायरी लहान आहे. नऊ ते दहा प्रचंड: हिरा कुरुंदाच्या जवळपास चौपट कठीण.

या रांगेत मोबाइलची काच कुठे उभी असते? साडेपाच ते सहाच्या आसपास. तुमची टफन काचही तिथेच आणि फोनची मूळ काचही तिथेच. खराखुरा मोसचा ९ हवा असेल तर काच सोडून कृत्रिम नीलम घ्यावा लागतो. महागड्या घड्याळांच्या तबकडीवर तो असतो, आयफोनच्या कॅमेऱ्याच्या भिंगांवरचं आवरणही त्याचंच. तो किती अवघड माल आहे बघा. अ‍ॅरिझोनातल्या मेसा इथे अ‍ॅपलसाठी नीलम बनवण्याचा मोठा कारखाना जीटी अ‍ॅडव्हान्स्ड टेक्नॉलॉजीज या कंपनीने चालवायला घेतला आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली. काउंटरवर १५० रुपयांत नीलम मिळत नाही.

दुकानातलं ते प्रात्यक्षिक तुम्ही पाहिलंच असेल. कटरचं पातं काचेवरून खर्रकन ओढतात, काच तशीच राहते आणि आपण पैसे काढतो. पातं साधारण साडेपाचच्या पायरीवर, काच तिथेच किंवा जरा वर. काच वाचणारच होती. पितळी किल्ली तर तीन-चारच्या पुढे जात नाही. म्हणून ‘किल्ल्यांच्या खिशात फोन ठेवू नको’ हा घरोघरचा सल्ला अर्धाच बरोबर आहे. किल्ली सहसा काही करत नाही. किल्लीसोबत खिशात असलेली धूळ करते.

आत्याचं उतरवलेलं टफन मी ठेवून घेतलं आणि संध्याकाळी तिच्यासमोरच टेबलावर मांडलं. आधी कुलपाची पितळी किल्ली जोर लावून ओढली. पिवळसर चकचकीत रेघ उठली. आत्या म्हणाली, ‘बघ, पडला ना!’ ओल्या बोटाने चोळली तर ती रेघ पुसून गेली. ते पितळ होतं, काचेने किल्लीचंच खरवडून घेतलेलं. मग कटरचं पातं, त्याचंही काही नाही. मग माळावरून कधीतरी उचलून आणलेली गारगोटी घेतली, लहानपणी अंधारात एकमेकींवर आपटून ठिणग्या पाडायचो तसली. तिची धार काचेवर टेकवली आणि फार दाब न देता ओढली. दाताखाली खडा यावा तसा आवाज आला आणि पांढरी रेघ उमटली. ती पुसून जाईना, नख फिरवलं की त्यात अडकायचं. आत्या काही वेळ त्या रेघेकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘म्हणजे वाळूनेच केलं तर.’

वाळूनेच केलं. किनाऱ्यावरची वाळू बरीचशी क्वार्ट्झच्याच कणांची असते, म्हणजे प्रत्येक कण ही सातव्या पायरीवरची बारीक गारगोटी. पर्समध्ये टॉवेल, टॉवेलला वाळू, शेजारी फोन. चार दिवसांत डझनभर चरे कमीच म्हणायचे.

घरातही हीच पट्टी लावून बघा, कारण फोन पालथा कुठे ठेवायचा याचं उत्तर तिच्यात आहे. जुन्या घरांतला कडप्प्याचा ओटा आणि शहाबादी फरशी हे दोन्ही चुनखडीचे दगड, कॅल्साइटचे, म्हणजे तिसऱ्या पायरीचे. संगमरवरही तसाच. दिसायला दगड, पण काचेपेक्षा मऊ. नवीन स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा मात्र क्वार्ट्झ आणि फेल्डस्पारचा, सात आणि सहाचा. रेसिपी बघताना फोन ग्रॅनाइटवर पालथा सरकवायची सवय असेल तर सोडा. कानस, पॉलिश पेपर, नखं घासायची पट्टी यांच्याजवळही फोन नको. आणि हिऱ्याची अंगठी घातलेल्या हाताने स्क्रीन पुसू नका.

मग टफन लावायचंच कशाला, असा प्रश्न आत्यानेही विचारला. लावायचं, कारण चरा पडायचाच असेल तर तो १५० रुपयांच्या काचेवर पडावा. गार्ड फोनच्या काचेपेक्षा कठीण असतो म्हणून उपयोगी पडतो असं नाही. तो वर असतो आणि काढून फेकता येतो, एवढंच त्याचं काम आहे आणि ते तो उत्तम करतो. ‘गार्डवर चरे पडले म्हणजे गार्ड फालतू’ हे म्हणणं मला मुळीच पटत नाही. चरे पडलेला गार्ड म्हणजे कामावर असलेला गार्ड.

‘टफन’ हा शब्दही नीट ऐकायला हवा. टफ म्हणजे चिवट. चिवटपणा तड्याविरुद्ध कामी येतो, कठीणपणा चऱ्याविरुद्ध. गाडीच्या खिडकीची काच तापवून हवेच्या झोताने झटकन थंड करतात, पण एवढ्या पातळ काचेला ते जमत नाही. म्हणून ती सुमारे ४०० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या पोटॅशियम नायट्रेटमध्ये बुडवून ठेवतात. काचेच्या पृष्ठभागातले सोडियमचे छोटे आयन बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे आयन दाटीवाटीने बसतात. पृष्ठभाग घट्ट दाबलेला राहतो आणि तडा उघडायला सहज तयार होत नाही. बऱ्याच फोनवर मूळची असते ती कॉर्निंग कंपनीची गोरिला ग्लासही याच पद्धतीने होते. मोसच्या रांगेतली काचेची जागा मात्र त्याने जवळजवळ बदलत नाही. गारगोटीला ही काच तेवढीच मऊ लागते.

दोन गुण वेगळे असले तरी एक चरा दुसऱ्या दिवशीचा तडा होऊ शकतो. काचवाला खिडकीची काच कशी कापतो ते आठवा: हिऱ्याने एक बारीक रेघ ओढतो, खाली आधार देतो, हलकेच दाबतो, आणि काच रेघेवरच तुटते. काच सूक्ष्म भेगांपासूनच का तुटते याचा हिशेब ब्रिटिश अभियंते ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२१ मध्ये मांडला. खोल चरा पडलेला गार्ड म्हणूनच पुढच्या पडण्यात आधी फुटतो. फुटू द्यावा. खालचा डिस्प्ले वाचला की झालं, कारण कॉम्बो, म्हणजे काच आणि डिस्प्ले एकत्र, बदलायला जे पैसे लागतात त्यात वर्षानुवर्षांचे गार्ड येतील.

बाकीच्या फरकांवर फार वेळ घालवू नका. ९डी, ११डी, २१डी हे आकडे चऱ्याबद्दल काहीही सांगत नाहीत. कडा किती गोल आणि गोंद कुठवर लावलाय, एवढ्यापुरतेच ते असतात. गोंद पूर्ण काचेला असलेला घ्या, फक्त कडेला असेल तर मध्ये स्पर्श नीट लागत नाही आणि धूळ शिरते. प्लास्टिकची फिल्म किंवा हायड्रोजेल वक्र कडांच्या फोनवर चालतं, बारीक चरे त्यात दबूनही जातात, पण पडल्यावर आधार म्हणून काचेची सर नाही. अतिनील दिव्याखाली सुकवायचा पातळ गोंद मी कोणालाही सुचवत नाही, तो स्पीकरच्या जाळीत आणि बटणांच्या फटीत उतरतो. स्क्रीनवर चोळायचं ‘लिक्विड नॅनो’ तर घेऊच नका. डोळ्याला न दिसणारा थर स्वतःवर चरा घेऊन खालची काच वाचवू शकत नाही, आणि खराब झाला की सोलून काढताही येत नाही. घडीच्या फोनची गोष्टच निराळी: आतल्या स्क्रीनचा वरचा थर प्लास्टिकचा असतो, नखाचाही वण उठतो, आणि कंपनीने लावून दिलेली फिल्म गार्ड समजून सोलायची नसते.

फोन पुसण्याची सवय मात्र बदलाच. ओढणीने किंवा शर्टाच्या टोकाने खसाखसा पुसणं म्हणजे स्क्रीनवरची धूळ त्याच स्क्रीनवर घासणं. आधी फुंकर मारा, मग किंचित ओल्या मऊ कापडाने एकाच दिशेने पुसा. कव्हरच्या आतही महिन्यातून एकदा बघा, कडेच्या फटीत बसलेले कण तिथेच घासत असतात. कव्हरची कड स्क्रीनपेक्षा जराशी उंच असेल तर फोन पालथा ठेवला तरी काच टेकत नाही. मी कव्हर घेताना आधी तेच बघते, रंग नंतर.

गार्ड कधी बदलायचा, हे ठरवायला नख पुरे. चऱ्यावरून आडवं फिरवा. नख सहज पार गेलं तर राहू द्या. अडकलं, तर त्याच आठवड्यात बदला. आत्याने त्याच संध्याकाळी बदललं, त्याच दुकानातून, साधंच. दुकानदार ‘९एच आहे’ म्हणाला तेव्हा तिने विचारलं, ‘पेन्सिलीचं ना?’